नऊ मिलिमीटर आत गेलेला डबा

डब्याची उजवी बाजू सकाळी सात वाजता नऊ मिलिमीटर आत गेलेली होती. दुपारी दोन वाजता ती सहा मिलिमीटर आत होती. वच्छलाने दोन्ही वेळा एक पट्टी डब्याच्या कडांवर आडवी टेकवली, दुसरी तिच्या मधोमध उभी धरली आणि आकडा वहीत उतरवला.

“पाह्य, पाह्य! डब्याले मोजून राह्यली!” सेवालाल अन्वरीच्या कानाशी लागला. “आता म्हणीन, डब्याले ताप आला.”

“हळू बोल ना! विमलकाकू निजल्या आहेत,” अन्वरीने त्याला कोपर मारलं.

टक्!

तिघंही जागच्या जागी थिजले. देवघरात चौथं कोणी नव्हतं. वारा नव्हता. दिव्याची वातसुद्धा हलत नव्हती. आवाज डब्यातूनच आला होता!

१९७५ सालचा मे महिना होता. इंझोरीवर ऊन असं पेटलं होतं, की गावातली कुत्री रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडली होती. आठवीत गेलेली वच्छला मंगरूळपीरला लिलाबाई आत्याकडे राहून शिकत असे. परवा पहाटे इंझोरीहून बारा माणसं केदारनाथला निघणार होती आणि त्या बारांत आत्या होती. म्हणून दोघी आधीच येऊन आत्याच्या मैत्रिणीकडे, विमलबाईंकडे उतरल्या होत्या. वच्छलाच्या वर्गातली अन्वरीही गावातच होती. तिचे अब्बा चांदभाई पत्र्याचे डबे बनवत. यात्रेहून पाणी आणण्यासाठी बारा नवे डबे हवे होते, आणि ते पुरे करायला चांदभाई यात्रा नेणाऱ्या इंद्रभानच्या ओसरीवर बसले होते. त्यांच्याच वर्गातला सेवालाल एरवी शाळेच्या वसतिगृहात राही. त्याचा तांडा इंझोरीपासून कोसभर होता. पण दोघी इंझोरीत असताना तो घरी थांबतो कशाला!

आणि हा डबा होता विमलबाईंच्या नवऱ्याचा, उकंडरावांचा. गेल्या वर्षी याच यात्रेला ते गेले. डबा परत आला. उकंडराव आले नाहीत.

यात्रेहून आलं की मावंदं घालायचं, गावाला जेवण द्यायचं, आणि डबा उघडून प्रत्येकाच्या हातावर चमचाभर पाणी ठेवायचं, अशी रीत. माणूसच आला नाही, तर मावंदं कसलं? डबा वर्षभर तसाच बंद होता.

“वाजला ना?”

दारात विमलबाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाचीच वच्छलाला भीती वाटली.

“रोज वाजते, पोरीहो. ऊन चढलं का एकदा, उतरलं का एकदा. ते बलावून राह्यले मले.”

“काकू, उकंडरावकाकाले काय झाल्तं?” वच्छलाने हळूच विचारलं.

“खोकला. इथूनच होता. म्याच म्हटलं, जा, देवाच्या दारी बरं वाटीन. हरिद्वारले खोकला वाढला. वर गेलेच नाईत. इंद्रभानभाऊ सांगे, सोताच्या हातानं डबा भरला, म्हणे माह्या घरी दे, अन् डोळे मिटले.” विमलबाईंनी डब्यावरची धूळ पदराने टिपली. “म्या धाडलं नसतं तं आज असते.”

त्या आत गेल्या. मग अन्वरी डब्यापाशी उकिडवी बसली आणि तिने कडेवरून नख फिरवलं.

“हा आमच्या अब्बाचा डबा आहे. ही घडी तेच घालतात. अन् अब्बाचा डबा असा चेपत नाई! कोणी ठोकला असता तं पत्र्याले ओरखडा पडला असता. इथं ओरखडा कुठं आहे?”

“मंग आत कोण ओढून राह्यलं त्याले?” सेवालालने विचारलं. विचारल्यावर त्याचं त्यालाच ते आवडलं नाही. तो दाराकडे सरकला.

“आतून कोणी ओढत नाई,” वच्छला सावकाश म्हणाली. “बाहेरून ढकलते. हवा.”

इंद्रभानच्या ओसरीवर चांदभाई शेगडीपुढे घामाघूम होऊन बसले होते. डाख, म्हणजे जोड बंद करायचं कथील, वितळून लोखंडाच्या टोकाला मण्यासारखं लटकत होतं.

“अब्बा, डबा भरल्यावर थोडा रिकामा ठेवतात ना?” अन्वरीने विचारलं.

“चार बोटं. पाणी तोंडापाशी आलं तं डाख धरतच नाई, बेटा. वर गेल्यावर तोंड बंद करायचं कोणाले जमते? म्हणून पारसाल मीच इंद्रभानले शिकवलं.”

“चाचा, पण गरम डाखानं आतली हवा तापत असीन,” वच्छला म्हणाली. “थंड झाल्यावर पत्रा आत जात असीन ना?”

चांदभाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “जाते. पण जरासाच. बनवून दाखवू का?”

त्यांनी एक डबा चार बोटं रिकामा ठेवून भरला, तोंड डाखाने बंद केलं आणि सावलीत ठेवला. तासाभराने वच्छलाने पट्ट्या लावल्या. एक मिलिमीटर! तोही नीट पाहिलं तर.

“एक अन् नऊ!” अन्वरी कुजबुजली.

वच्छलाचं लक्ष मात्र भिंतीकडे गेलं होतं. तिथे यात्रेचा छापील नकाशा होता, आणि ठिकाणांच्या नावांखाली उंचीचे आकडे. हरिद्वार, हजार फूट. केदारनाथ, साडेअकरा हजारांच्याही वर. मंगरूळपीर सुमारे चौदाशे फुटांवर आहे हे भूगोलाच्या बाईंनी सांगितलेलं तिला पाठ होतं. म्हणजे हरिद्वार आपल्याहूनही खाली! तिथे बंद केलेला डबा इथे आत दबणारच नाही. पण खूप उंचावर, जिथे हवा पातळ असते, तिथे तोंड बंद केलं तर पातळ हवाच डब्यात अडकून राहील. मग डबा खाली आणला की बाहेरची दाट हवा पत्रा दाबत सुटेल. उन्हाने आतली हवा तापली की पत्रा थोडा बाहेर सरेल. टक्! संध्याकाळी पुन्हा आत. टक्!

उकंडरावकाका काकूंना बोलावत नव्हते. पण मग डबा वर गेला होता...

“काय पाहून राह्यली, पोरी?”

इंद्रभान मागे कधी येऊन उभा राहिला, ते तिला कळलंच नव्हतं. गोरा, गोल चेहऱ्याचा, सदा हसणारा माणूस. आत्ताही तो हसत होता.

“नकाशा, काका.”

“पाह्य, पाह्य. तुह्या आत्याले घेऊन जाऊन राह्यलो तिथं. बारा दिवसांत परत! मोटारीतून उतरलं का दुसऱ्याच दिवशी चढण. कुठं मुक्काम नाई, कुठं खोळंबा नाई.” त्याने नकाशाशेजारच्या कागदावर बोट ठेवलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : चढताना मौन. दुखणे बोलून दाखवू नये. बोलले की पुण्य जाते.

वच्छलाने तो कागद दोनदा वाचला.

गेल्या वर्षीच्या यात्रेकरूंपैकी इंझोरीचा एकटा जानराव होता, बाकीचे बाहेरगावचे; तो गावाच्या टोकाला राही. त्याच्याकडे हरिद्वारच्या पाण्याचा एक बंद डबा आहे, ही खबर सेवालालने काढली. म्हाताऱ्या आईच्या शेवटच्या घोटासाठी त्याने तो जपून ठेवला होता. वच्छलाने पट्ट्या लावल्या. बाजू जवळजवळ सपाट!

“जानरावमामा, उकंडरावकाका तुमच्या संगं होते ना?”

दोर वळणारे जानरावचे हात थांबले.

“त्या गोष्टीचं नाव काढू नका.”

“पण मामा...”

“म्हटलं ना, नका काढू!” तो ओरडला. मुलं वळून चालू लागली, तेव्हा त्याने मागून विचारलं, “हे पोरी. तुही आत्या खरंच जाऊन राह्यली का?”

“हो.”

जानराव उठून घरात गेला आणि त्याने दिवसाढवळ्या दाराला कडी घातली.

“याले ठाऊक आहे,” सेवालाल म्हणाला. “माह्या हेमसिंगकाकाले विचारू चाला! तो लडाखात फौजेत आहे. सुट्टीवर आला आहे.”

“कोसभर? या उन्हात?” अन्वरीने डोक्यावर ओढणी घेतली. “वितळलो तं अब्बा डाख म्हणून वापरतीन आमाले.”

तांड्यावर हेमसिंग निंबाखाली बाजेवर बसून बूट चमकवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. बुटावर फिरणारा ब्रश हळूहळू थांबला.

“दुसऱ्याच दिवशी चढण? आमाले तिथं नेलं ना, तं पयले दोन दिवस नुसतं पडून राहा म्हणतात. सहा दिवस झाल्याबिगर वर पाय ठेवू देत नाईत. जवान माणसं आमी! तरी शरीराले वेळ द्यावाच लागते. हवाच पातळ असते, पोट्टेहो. ताकदीचं काम नाई ते.”

“अन् वेळ नाई दिला तं?”

“पयले डोकं दुखते. जेवण जात नाई. आमच्यात एक पैलवान होता. लाजेपायी बोल्लाच नाई. दुसऱ्या दिवशी दारू प्यायल्यावानी झुलायला लागला. डाक्टरनं एकच हुकूम दिला, उतरवा! दवा मंग, पयले उतरवा! दोन-तीन हजार फूट उतरला अन् उठून चहा मांगतला पठ्ठ्यानं.”

“अन् जो बोलत नाई, उतरत नाई, त्याचं काय होते?” वच्छलाने विचारलं.

हेमसिंगने बूट खाली ठेवला. “त्याले मंग चौघं उतरवतात.” हेच वच्छलाला परतीच्या कोसभर वाटेत ऐकू येत राहिलं.

संध्याकाळी आत्या शिदोरीच्या दशम्या फडक्यात बांधत होती. वच्छलाने तिला सगळं सांगितलं : डबा, आकडे, पैलवान, मौन.

“देवाच्या वाटेवर शंका घेऊ नाई, बाई,” आत्या म्हणाली. “बावीस वर्सं मनात धरून ठेवलं आहे म्या. आता कुठं जमलं.”

“नको जाऊ म्हणत नाई मी. एवढंच सांग, कळस समोर दिसला, अन् तुह्यं डोकं फुटायला लागलं, तं तू माघारी फिरशीन का?”

आत्याचे हात फडक्याच्या गाठीवर थबकले.

“बघू.”

“बघू नाई! सांग!”

“बघू म्हटलं ना!” आत्याने गाठ ओढली. तिने वच्छलाकडे पाहिलं नाही.

वच्छलाला आत्या चांगली ठाऊक होती. दाढ सुजून गाल फुगला, तरी ती चार दिवस शाळेत शिकवत होती. कोणाला बोलली नाही. डोंगरावरही बोलणार नाही. मौनाचा नियम जणू तिच्यासाठीच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराही यात्रेकरू इंद्रभानच्या ओसरीवर जमले. डबे वाटायचे होते आणि मौनाची शपथ घ्यायची होती. पश्चिमेकडे धुळीची पिवळी भिंत उभी राहिली होती आणि पाखरं गप्प झाली होती. कोपऱ्यात विमलबाई बसल्या होत्या. अन्वरीने त्यांना आग्रह करून आणलं होतं, डब्यासकट. सेवालाल हेमसिंगला घेऊन आला होता. जानराव कोणी न बोलावता आला, त्याने आपला बंद डबा अन्वरीपाशी ठेवला आणि तो खांबाआड उभा राहिला.

इंद्रभानने शपथेचा कागद हातात घेतला, इतक्यात वच्छला उठली.

“इंद्रभानकाका, एक विचारू? उकंडरावकाकांचा डबा कुठं भरला होता?”

इंद्रभान हसला.

“हरिद्वारले, बेटा. सगळ्याइले ठाऊक आहे. त्यानं सोताच्या हातानं भरला, डाख म्या लावला.”

“अन् जानरावमामांचा?”

“तोही तिथंच. एकाच दिवशी, एकाच बैठकीत लावले दोन्ही.”

“नक्की?”

“देवाशप्पथ!”

“अन्वरी, आण!”

अन्वरीने फडक्याखालून दोन्ही डबे काढून शेजारी शेजारी ठेवले. एकाची बाजू सपाट. दुसऱ्याची आत ओढलेली, उपाशी माणसाच्या पोटासारखी. वच्छलाने आकडे वाचले. चांदभाईंनी काल बंद केलेला डबा दाखवला. पातळ हवा, दाट हवा, सगळं तिने बाईंसमोर उत्तर म्हणावं तसं नीट सांगितलं.

“एकाच दिवशी, एकाच जागी बंद केले, तं दोन डब्याइत एवढा फरक काहून? हा डबा वर बंद झाला आहे, काका. खूप वर!”

“अरे, मोटारीत दबला असीन!” इंद्रभान हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. “पोट्टीच्या पट्टीवर भरवसा ठेवता का, बाप्पा?”

माणसं कुजबुजली. दोघंतिघं मान डोलवू लागले. खरंच, दबला असेल!

“मंग उघडून पाहू,” वच्छला म्हणाली. “ठोकर लागून दबला असीन, तं उघडल्यावरही पत्रा तसाच राहीन. अन् हवेनं दाबला असीन, तं हवा आत जाईन अन् पत्रा बाहेर यीन. पण...”

पण डबा विमलबाईंचा होता. त्यांच्या माणसाच्या हातचं शेवटचं पाणी. सगळ्यांचे डोळे कोपऱ्याकडे वळले. विमलबाई उठल्या, डब्यापाशी आल्या. त्यांनी तो एकदा छातीशी धरला आणि चांदभाईंपुढे ठेवला.

“उघडा.”

चांदभाईंनी तापलेलं लोखंड डाखावर टेकवलं. कथील वितळलं. एक बारीक भोक पडलं, आणि...

सूंऽऽऽ!

डब्याने जणू लांब श्वास ओढला. आणि फट्! आत गेलेली बाजू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उसळून सपाट झाली. पुढे बसलेली माणसं मागे सरकली.

“या अल्लाह!” चांदभाई पुटपुटले.

“पोरगी खरं बोलून राह्यली,” खांबाआडून आवाज आला. जानराव पुढे आला. “उकंडा हरिद्वारले राह्यलाच नाई. वर होता, माह्या बाजूले. पयल्या दिवशी डोकं धरून बसला. बोलायचं नव्हतं, म्हणून खुणेनं मले दाखवलं. म्याही खुणेनंच म्हटलं, चाल. दुसऱ्या दिवशी त्याचा तोल जाऊन राह्यल्ता. संध्याकाळी डबा भरला तं हात थरथरून अर्धं पाणी सांडलं. इंद्रभान म्हणे, थकला आहे, झोपू द्या, सकाळी दर्शन झालं का उतरू. सकाळी उठलाच नाई.”

इंद्रभान ओसरीच्या कडेवर बसला. त्याचा गोल चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला.

“मले ठाऊक नव्हतं हो. मले वाटे, देवाच्या दारात दुखणं टिकत नसते. वर गेल्ता म्हणून सांगितलं असतं, तं विमलवहिनी विचारती, खाली काहून नाई आणलं? त्याचं उत्तर नव्हतं माह्यापाशी.”

“मंग हा डबा कायले आणला?” हेमसिंगने विचारलं. “टाकून दिला असता, तं हे उघडंच पडलं नसतं.”

“केदारचं पाणी!” इंद्रभान दचकून म्हणाला. “ते फेकायची हिंमत कोणाची होईन?”

विमलबाई एकाच ठिकाणी पाहत होत्या. “म्हणजे खोकल्यानं नाई गेले?”

“नाई, वहिनी.”

“म्या धाडलं म्हणून नाई?”

“तुमी धाडलं म्हणून नाई. आमी उतरवलं नाई म्हणून,” जानराव म्हणाला. वर्षभर कोरडे राहिलेले त्यांचे डोळे भरून वाहू लागले. त्यांनी वच्छलाच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. अन्वरीची आणि सेवालालची दृष्टही त्याच हातांनी काढली.

“आमच्या पलटणीत पाह्यजे होती ही तिघं!” हेमसिंग म्हणाला. “शाबास! फौजेले जे ठेचा खाऊन कळलं, ते तुमी पट्टीनं काढलं!”

“अन् डबा कोणाच्या हातचा होता, तेही सांगा ना!” अन्वरी म्हणाली, आणि चांदभाईंनी हसत तिच्या डोक्यावर टप्पल मारली.

इंद्रभानने मौनाचा कागद स्वतःच फाडला. पण यात्रेकरू तसेच बसून होते. धुळीची भिंत आता गावाच्या कडेला आली होती आणि ओसरीवर पिवळा अंधार पसरला होता.

“मंग जायचं का नाई?” कोणीतरी विचारलं.

“जा ना!” हेमसिंग म्हणाला. “पण निम्म्या उंचीवर दोन राती मुक्काम करा. शरीराले सवय होऊ द्या. दमानं चढा, पाणी प्या, एकमेकाले विचारत जा. बाराचे पंधरा दिवस होतीन, होऊ द्या. अन् एक गोष्ट मात्र इथंच कबूल करा.” त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. “कळस समोर दिसून राह्यला, अन् डोकं फुटून राह्यलं, तं कोण माघारी फिरीन?”

इतक्या वर्षांची आस! कळस दिसल्यावर पाठ फिरवायची? एकेक मान खाली गेली. मग हळूहळू बायकांचे डोळे लिलाबाई आत्याकडे वळले. ती म्हणेल तसं त्या करतील, हे वच्छलाला माहीत होतं. आणि आत्या काय म्हणेल, ते मात्र माहीत नव्हतं.

आत्या उठली. तिने विमलबाईंकडे पाहिलं. मग वच्छलाकडे.

“मौन मी पाळणार नाई,” ती म्हणाली. तिचा आवाज ओसरीच्या टोकापर्यंत पोचला. “डोकं दुखलं तं मोठ्यानं सांगीन. अन् कळस समोर दिसत असला, तरी माघारी फिरीन.”